निवृत्त संगणकाचा दुसरा डाव

बाजारात डेस्कटॉप संगणक दोन प्रकारांनी मिळतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट वेगवेगळे निवडून दुकानदाराकडून जोडून घेतलेल्या यंत्राला ‘असेंबल्ड’ म्हणतात, तर कंपनीने कारखान्यातच पूर्ण तयार करून आपल्या नावाने विकलेल्या यंत्राला ‘ब्रँडेड’ म्हणतात. बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या आणि महाविद्यालये बहुधा ब्रँडेड संगणकच घेतात. भाडेकराराची किंवा हमीची मुदत संपली की हे संगणक एकगठ्ठा बाहेर पडतात आणि साफसफाई होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा बंगळुरूच्या एस. पी. रोडवर ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विक्रीला येतात. असा संगणक घरी आल्यावर त्यावर गेम खेळता येतील का, हा प्रश्न घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी पडतो, आणि त्याचे दुकानात मिळणारे उत्तर बहुधा ‘ग्राफिक्स कार्ड टाका’ एवढेच असते. हे उत्तर चूक नसले तरी अपुरे आहे, कारण ब्रँडेड संगणकाची खरी मर्यादा जाहिरातीत छापलेल्या प्रोसेसर-रॅमच्या आकड्यांत नसून कॅबिनेटच्या आत, ज्या भागांकडे कोणी लक्ष देत नाही त्या भागांत असते.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ९०२० हा २०१३ च्या सुमाराचा संगणक घेता येईल. त्यात इंटेलच्या चौथ्या पिढीचा, म्हणजे ‘हॅसवेल’ या नावाने ओळखला जाणारा प्रोसेसर असतो. अनेकदा तो चार कोअरचा, ३.३ गिगाहर्ट्झचा आय५-४५९० असतो. चित्र उमटवण्याचे काम प्रोसेसरमध्येच सामावलेला ‘एचडी ४६००’ हा भाग करतो, आणि त्याला स्वतःची मेमरी नसल्यामुळे तो संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेतो. पत्रव्यवहार, हिशेब, चित्रपट यांसाठी ही व्यवस्था आजही पुरेशी आहे; गेमच्या बाबतीत मात्र ती लवकर थकते.

ती का थकते, हे कळण्यासाठी पडद्यावरचे एक चित्र कसे तयार होते ते पाहावे लागते. गेममधली हालचाल म्हणजे वेगाने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते, आणि या प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दिसायच्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि ३० फ्रेमवर समाधान मानले तर ही सवलत ३३.३ मिलिसेकंदांपर्यंत वाढते. एवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाडू कुठे आहे, शत्रू कोणत्या दिशेला वळला, गोळी भिंतीला लागली की माणसाला, याचा हिशेब करून काय रेखाटायचे याची यादी ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवायची असते, आणि ग्राफिक्स प्रोसेसरने त्या यादीप्रमाणे आकार, प्रकाश, सावल्या आणि रंग भरून चित्र पुरे करायचे असते. दोघांपैकी जो मागे राहील त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागते, म्हणून कोणता भाग बदलायचा हे ठरवण्यापूर्वी मागे कोण राहतो आहे ते शोधणे आवश्यक ठरते. त्याची चाचणी सोपी आहे: गेमच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरील बिंदूंची संख्या, आणि सावल्यांचा दर्जा कमी करून पाहावा; फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली तर ग्राफिक्सचा भाग कमी पडत होता, आणि काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर किंवा रॅम अडवत आहे, असे समजावे. नुसत्या ‘एचडी ४६००’ वर चालणाऱ्या यंत्रात निष्कर्ष जवळजवळ नेहमी पहिलाच निघतो.

ग्राफिक्स कार्ड बसवण्यासाठी मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस नावाची लांब खाच असते. या खाचेतून कार्डाला माहिती मिळते आणि वीजही मिळते, परंतु या विजेची मर्यादा ७५ वॅट आहे. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून निघालेली वेगळी तार जोडावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. ब्रँडेड संगणकाची अडचण नेमकी येथे सुरू होते. एसएमपीएस म्हणजे घरातील विजेचे रूपांतर संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत करणारी पेटी, आणि कार्यालयीन यंत्रात ती कार्यालयाच्या गरजेपुरतीच दिलेली असते. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उंच कॅबिनेटमधील एसएमपीएस २९० वॅटचा असतो आणि त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी तार सहसा निघतच नाही. प्रोसेसरचे ८४ वॅट, खाचेतून चालणाऱ्या कार्डाचे ७५ वॅट, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून तीस-चाळीस वॅट धरले तर बेरीज दोनशेच्या आसपास राहते. दहा वर्षे राबलेल्या एसएमपीएसवर याहून अधिक भार टाकणे शहाणपणाचे नाही.

असे असताना मोठा एसएमपीएस का बसवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. असेंबल्ड संगणकात मदरबोर्डला वीज देणारी मुख्य जोडणी चोवीस पिनांची असते आणि बाजारातला कोणताही एसएमपीएस तिला चालतो. ९०२० मध्ये मात्र डेलने आठ पिनांची स्वतःची जोडणी वापरली आहे, त्यामुळे नवा एसएमपीएस घ्यायचा तर चोवीस पिनांवरून आठ पिनांवर आणणारी खास तारही घ्यावी लागते. विशेष म्हणजे याच मालिकेतील आदल्या पिढीच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या उंच कॅबिनेटमध्ये जोडणी सर्वसाधारण चोवीस पिनांचीच आहे. यावरून नाव आणि मालिका सारखी वाटली तरी कॅबिनेट उघडून पाहिल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये, हे स्पष्ट होते.

याच टप्प्यावर एक स्वस्त पळवाट सुचवली जाते आणि ती धोकादायक आहे. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या साटा जोडणीवरून ग्राफिक्स कार्डाच्या सहा पिनांवर जाणारी तार अगदी थोड्या पैशांत मिळते. साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिनेची क्षमता दीड अँपिअर असते, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, अर्थात ५४ वॅट. सहा पिनांची जोडणी मात्र ७५ वॅट मागू शकते. वीसेक वॅटचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण क्षमतेपेक्षा जास्त प्रवाहामुळे त्या बारीक पिना तापतात, प्लॅस्टिक मऊ पडते आणि कधी कधी जोडणी जळून जाते. संगणक वाचवायचा असेल तर ही तार कोणीही, कोणाच्याही शब्दावर वापरू नये.

त्यामुळे अशा यंत्रासाठी योग्य कार्ड तेच, जे केवळ खाचेतल्या विजेवर चालते. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आणि २०१९ चे जीटीएक्स १६५० ही दोन्ही ७५ वॅटच्या मर्यादेत बसणारी, चार गिगाबाइट मेमरीची कार्डे असून सेकंड हँड बाजारात ती सहज मिळतात. मात्र १६५० ची काही रूपे उत्पादकांनी वेग वाढवून सहा पिनांच्या जोडणीसह काढली आहेत, ती येथे चालणार नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे सहा गिगाबाइटचे रूप ७० वॅटवर चालते आणि या गटात सर्वांत सरस आहे. एएमडीचे आरएक्स ६४०० हे केवळ ५३ वॅटचे कार्ड वरकरणी आदर्श वाटते, परंतु ते माहितीच्या केवळ चार मार्गिका वापरते. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या आवृत्तीत या चार मार्गिका पुरतात. हॅसवेलच्या काळातील तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्माच असल्यामुळे कार्डाची चार गिगाबाइट मेमरी भरून गेली आणि रॅममधून माहिती आणावी लागली की चित्र अडखळू लागते. इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते आणि एवढ्या जुन्या यंत्रात ती सहसा नसते, म्हणून तो पर्याय सोडून द्यावा.

कार्ड घरी आणण्यापूर्वी पट्टी घेऊन खाचेपासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची लांबी मोजावी, कारण पंख्यांची लांब कार्डे तेथे अडतात. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जुन्या जागेतून काढून कार्डाच्या मागे जोडावी लागते. हे राहून गेले तर सारे काम पूर्वीप्रमाणे ‘एचडी ४६००’ च करत राहते आणि कार्ड खराब निघाल्याचा गैरसमज होतो. घरातील मॉनिटर निळ्या व्हीजीए केबलचा असेल तर नव्या कार्डांवर ती जागाच नसते, तेव्हा रूपांतर करणाऱ्या अडॅप्टरचा खर्च आधीच धरावा.

रॅमच्या बाबतीत फार विचार करण्याची गरज नाही. आजच्या गेमसाठी १६ गिगाबाइट असावी, आणि ती एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत असावी, कारण दोन पट्ट्या योग्य खाचांत बसल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकाच वेळी माहिती आणतो. डीडीआर३ च्या १६०० वेगात एका वाटेने सेकंदाला १२.८ गिगाबाइट आणि दोन वाटांनी २५.६ गिगाबाइट माहिती येऊ शकते. ही रॅम डीडीआर३ प्रकारची असल्यामुळे नव्या यंत्रात ती बसत नाही, तेव्हा ती सेकंड हँडच घ्यावी. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्याने फ्रेमची संख्या वाढत नाही, पण गेम उघडण्याचा वेळ कमालीचा घटतो आणि मोठ्या नकाशात धावताना येणारे झटके कमी होतात. सायबरपंक २०७७ सारख्या गेमने तर २०२३ च्या मोठ्या बदलानंतर एसएसडी ही किमान अट केली आहे.

त्याच सुधारित अटींत किमान प्रोसेसर म्हणून आय७-६७०० चे नाव आहे, आणि येथे जुन्या यंत्राची दुसरी मर्यादा दिसते. चार कोअर असलेला आय५ एका वेळी चारच कामे हाताळतो, आणि नव्या गेममध्ये तो शंभर टक्के गुंतून गेला की सरासरी चांगली दिसूनही मध्येच फ्रेम गोठते. त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय७-४७९० हा प्रोसेसर चार कोअरवर आठ कामांच्या धारा चालवतो आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत असेल तर ९०२० मध्ये विनातक्रार बसतो; वाजवी दरात मिळाला तर घ्यावा, पण त्यासाठी कार्डाच्या पैशाला हात लावू नये. प्रोसेसर बदलला नाही तरी हीट सिंक काढून, प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली वाळून खडूसारखी झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे अत्यावश्यक आहे, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग आपोआप कमी करतो आणि तो दोष ग्राफिक्स कार्डावर ढकलला जातो. पुन्हा जुळवणी करताना पंख्याची वायर लावायची राहिली तर असे यंत्र सुरू होताना अडून बसते आणि पडद्यावर एफ१ दाबण्याची सूचना येते; तेव्हा घाबरून न जाता ती वायर तपासावी.

ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न अधिक गंभीर आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथी पिढी त्या यादीत नाही. आडमार्गाने विंडोज ११ बसवता येते, पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसेल तर चालत नाही, आणि लिनक्सवर तर त्याची फसवणूकविरोधी यंत्रणा मुळीच चालत नाही. याउलट जीटीए ५ सारखे एकट्याने खेळायचे अनेक जुने गेम स्टीमच्या प्रोटॉन या सोयीमुळे लिनक्सवरही उत्तम चालतात. म्हणून कोणता गेम खेळायचा आहे हे आधी ठरवावे आणि मग पैसे खर्च करावेत. ऑनलाइन स्पर्धात्मक गेमच हवे असतील तर चौथ्या पिढीच्या यंत्रावर खर्च न करता आठव्या पिढीचे रिफर्बिश्ड यंत्र शोधणे अधिक योग्य.

खर्चाची वाटणी करताना एकच कसोटी लावावी: घेतलेला भाग पुढच्या संगणकात जाईल का? ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जातील, डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर जाणार नाहीत, म्हणून मोठी रक्कम पहिल्या दोहोंवर आणि अगदी थोडी दुसऱ्या दोहोंवर घालावी. मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली तर थांबावे, कारण त्याबरोबर प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस आणि बहुधा कॅबिनेटही बदलावे लागते, आणि यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवानाही जुन्या मदरबोर्डशीच बांधलेला असतो.

संगणक अजून घ्यायचाच असेल तर दुकानात एकाच नावाची उंच, बुटकी आणि अगदी छोटी अशी रूपे शेजारी मांडलेली दिसतील, आणि छोटे रूप टेबलावर देखणेही वाटेल. बुटक्या कॅबिनेटमध्ये केवळ अर्ध्या उंचीची कार्डे बसतात, अगदी छोट्यात तर कोणतेच कार्ड बसत नाही. उंच, म्हणजे ‘मिनी टॉवर’ कॅबिनेटच मागावे, आणि पैसे देण्यापूर्वी त्याची बाजू उघडायला सांगून एसएमपीएसवरचे लेबल स्वतः वाचावे.