हायकू : सामूहिक रचनापरंपरा

हायकू हा सतरा ध्वनिघटकांचा (५-७-५) जपानी लघुकाव्यप्रकार. तो आज एकट्या कवीची रचना मानला जात असला, तरी त्याचा उगम अनेकांनी मिळून गुंफावयाच्या ‘रेंगा’ या साखळीकाव्यात आहे. रेंगाच्या आरंभीच्या कडव्यास ‘होक्कू’ म्हणत. तेच पुढे स्वतंत्र होऊन हायकू झाले.

रेंगाच्या बैठकीत सामान्यतः प्रमुख पाहुणा होक्कू रची; त्यात चालू ऋतूचा निर्देश आवश्यक असे. यजमान त्यास ७-७ घटकांचे दुसरे कडवे जोडी. त्यानंतर ५-७-५ व ७-७ अशी कडवी आळीपाळीने येत. प्रत्येक कडव्याने लगतच्या कडव्याशी नाते जोडावयाचे. मात्र त्याही आधीच्या कडव्यापासून दूर जावयाचे, हा मुख्य नियम. त्यामुळे सलग कथानक संभवत नाही व कोणाही एकास आपला भाव शेवटपर्यंत रेटता येत नाही. सोगी व त्याचे दोन शिष्य यांनी १४८८ मध्ये मिनासे येथे रचलेली शंभर कडव्यांची साखळी आदर्श मानली जाते. बाशो (१६४४–९४) याने छत्तीस कडव्यांचा ‘कासेन’ पसंत केला; त्यात चंद्रास तीन व फुलांस दोन स्थाने राखलेली असतात.

मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने साखळीकाव्यास साहित्य मानण्याचे नाकारून होक्कूला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. ‘हायकू’ ही संज्ञाही त्यानेच रूढ केली. तरी सामूहिकता लोपली नाही. ‘कुकाई’ या मेळाव्यात सर्वजण निनावी रचना देतात, त्या दुसऱ्याच्या हस्ताक्षरात उतरविल्या जातात आणि निवडीनंतरच कर्त्याचे नाव उघड होते. नवशिका व गुरू यांच्या रचनांची पारख अशा रीतीने समान पातळीवर होते.

रवींद्रनाथ टागोरांच्या जापान-यात्री (१९१९) या बंगाली प्रवासवर्णनात बाशोच्या रचनांचा परिचय आढळतो. मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) यांना दिले जाते. मराठी हायकूत तीन ओळी व निसर्गातील क्षणचित्र टिकून राहिले. घटकसंख्येचे बंधन मात्र बहुधा सैल झाले. जपानी घटक आणि देवनागरी अक्षर एकरूप नाहीत, हे त्याचे एक कारण म्हणता येईल : ‘तोक्यो’ या नावात दीर्घ स्वरांमुळे चार घटक मोजले जातात, अक्षरे दोनच दिसतात.

साखळीची प्रथा मात्र हायकूबरोबर मराठीत रुजली नाही. सामूहिक काव्यआव्हान येथे अपरिचित होते असे नव्हे. संस्कृत परंपरेतील समस्यापूर्तीत दिलेला चरण साधून श्लोक पुरा करावा लागे. कलगी-तुरा पक्षांच्या शाहिरांत सवाल-जवाब रंगत. परंतु या प्रकारांत प्रतिस्पर्ध्यास निरुत्तर करणे किंवा आपले चातुर्य सिद्ध करणे हे उद्दिष्ट असते. रेंगात याच्या उलट, पुढील कवीस वाट मोकळी राहील असे कडवे उत्तम ठरते. हायकूतील अर्धोक्तीचे मूळ याच शिस्तीत सापडते : न सांगितलेला भाग मुळात दुसऱ्या कवीसाठी सोडलेला होता, स्वतंत्र हायकूत तो वाचकाकडे आला.