उजेडाची पेटी

वस्तू चांगली, फोटो वाईट

सावंतवाडीचे नाव तुम्ही ऐकले असेल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे चितारआळी नावाची आळी आहे. तिथल्या दुकानांत लाकडाचे आंबे, केळी, वांगी, मिरच्या मिळतात. रंग असा हुबेहूब की, नवखा माणूस फसतो. हातात घेतल्यावर त्याला कळते, की हे लाकूड आहे.

तिथल्याच एका कारागिराच्या घरची ही गोष्ट. घर लहान. पुढची एकच मोठी खोली. तिथेच लाकूड तासायचे, तिथेच रंग द्यायचा आणि रात्री तिथेच अंथरूण घालायचे. घरातली काकी रंगकामात तरबेज.

पावसाळ्याचे दिवस होते. पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. "दिवाळीसाठी फळांच्या टोपल्या हव्या आहेत. आंबे आणि कैऱ्या दोन्ही घाला. आधी फोटो पाठवा. पसंत पडले तर माल घेतो."

काकीला आनंद झाला. रात्री कामे उरकल्यावर तिने चटईवर फळे मांडली. डोक्यावर पिवळा बल्ब होता. फोनवर फोटो काढला आणि पाठवून दिला.

सकाळी उत्तर आले. "आंबे बरे आहेत. पण कैऱ्या कुठे आहेत? आणि रंग मळका का दिसतो?"

काकीने टोपलीत पाहिले. कैऱ्या हिरव्यागार होत्या. रंग चकचकीत होता. फोटोत मात्र कैऱ्याही पिवळट दिसत होत्या. खाली काळ्या सावल्या पडल्या होत्या. मागे चटई, रंगाचे डबे आणि कोणाची तरी चप्पलही आली होती.

महिनाभराची मेहनत एका फोटोपायी वाया जाणार, असे तिला वाटले.

फोन नको, उजेड बदल

त्याच दिवशी तिचा पुतण्या घरी आला. तो कुडाळला एका फोटोवाल्याच्या हाताखाली काम करतो. काकीने त्याला सारे सांगितले.

"माझा फोन स्वस्तातला आहे रे. नवा घ्यायला हवा."

"काकी, फोन बदलू नकोस. उजेड बदल."

"उजेड कसा बदलायचा?"

"मला सांग, भर दुपारी उन्हात उभी राहिलीस तर सावली कशी पडते?"

"काळीकुट्ट."

"आणि आभाळ भरून आलं असेल तेव्हा?"

"तेव्हा सावली फारशी दिसतच नाही."

"बघ, तुला ठाऊकच आहे!"

मंडळी, यातले मर्म समजून घ्या. सूर्याचा उजेड एकाच बाजूने येतो. म्हणून वस्तूची एक बाजू झगझगते आणि दुसरीकडे काळी सावली पडते. आभाळ आले, की ढग तोच उजेड सगळीकडे पसरून देतात. उजेड मग चहूबाजूंनी येतो. सावली फिकी होते आणि वस्तूची प्रत्येक रेघ दिसते.

उघडा बल्ब हा लहानसा सूर्यच आहे. त्याच्यापुढे पांढरे कापड धरले, तर कापड ढगाचे काम करते. बल्ब लहान असतो, पण कापड मोठे असते. उजेड साऱ्या कापडातून झिरपून येतो आणि मऊ होतो.

ही युक्ती जुनी आहे. फोटो काढण्याची कला जगापुढे आली ती १८३९ साली, पॅरिस शहरात. मुंबईत १८५४ सालीच फोटो काढणाऱ्यांची मंडळी स्थापन झाली होती. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. फोटोवाले छताला काचा बसवत. काचांखाली पडदे लावत आणि ते सरकवून उजेड कमीजास्त करत. आपल्याला काचेचे छप्पर नको. आपल्याला एक पुठ्ठ्याचे खोके पुरे.

काय काय लागते?

किराणा दुकानातले एक रिकामे खोके. सव्वा ते दीड फूट लांबी-रुंदीचे असावे.
जुने, पातळ, पांढरे कापड. धोतराचा तुकडा चालेल. कापड नसेल तर बटर पेपर.
एक मोठा पांढरा कार्डशीट. शाळेच्या वह्या मिळतात त्या दुकानात मिळेल.
चिकटपट्टी, कात्री, पट्टी, पेन्सिल.
एकाच जातीचे दोन एलईडी बल्ब.

कापडाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते पिवळे पडलेले नको आणि फार नीळ दिलेलेही नको. कापडाचा रंग उजेडात उतरतो आणि उजेडाचा रंग वस्तूवर उतरतो.

पेटी कशी करायची?

पुतण्याने खोके आडवे ठेवले. उघडे तोंड आपल्याकडे केले. तोंडाची झाकणे कापून बाजूला ठेवली. ती टाकायची नाहीत. पुढे कामाला येतात.

मग डाव्या, उजव्या आणि वरच्या बाजूला चौकोनी खिडक्या कापल्या. चारी कडांना दोन-दोन इंच पुठ्ठा राखला. कड राखली नाही तर खोके कोलमडते. मागची बाजू आणि तळ तसाच ठेवला.

तिन्ही खिडक्यांवर बाहेरून पांढरे कापड ताणून चिकटवले. कापड एकपदरीच असावे. दोन पदर घातले तर उजेड अडतो. आत जिथे तपकिरी पुठ्ठा दिसत होता तिथे पांढरा कागद लावला. नाहीतर पुठ्ठ्याची तांबूस झाक वस्तूवर पडते.

आता कार्डशीट. तो खोक्याच्या रुंदीइतका कापला. वरची कड मागच्या भिंतीला उंचावर चिकटवली. खालची कड तोंडापर्यंत आणून सोडली. मधे कागदाला घडी घालायची नाही. पन्हाळीसारखा गोल बाक येऊ द्यायचा. घडी पडली, तर फोटोत आडवी रेघ दिसते. बाक दिला, तर जमीन कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली, ते कळतच नाही. नजर फक्त वस्तूवर राहते.

झाली उजेडाची पेटी!

दिवे कसे लावायचे?

एक बल्ब डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही पेटीच्या बाहेर. कापडापासून वीत-दीड वीत लांब. फार जवळ लावला, तर कापडावर एकच झगझगीत ठिपका पडतो. फार लांब नेला, तर उजेड अपुरा पडतो.

बल्बच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. ६५०० असेल तर उजेड पांढरा, ३००० किंवा त्याहून कमी असेल तर पिवळा. दोन्ही बल्ब एकाच आकड्याचे घ्या. ६५०० चे घेतले तर उत्तम. पेटी वापरताना खोलीतला पिवळा दिवा बंद करा. काकीच्या कैऱ्या त्या दिव्यानेच पिवळ्या केल्या होत्या!

आणि सांभाळा. जुन्या तारेचा बल्ब तापतो. तो कापडाजवळ लावू नका. मेणबत्ती, चिमणी, कंदील तर मुळीच नको. पुठ्ठा आणि कापड पेट घ्यायला वेळ लागत नाही. वायर उघडी असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. काम झाले, की दिवे बंद करा.

वीज नसेल तर?

तरीही अडत नाही. पेटी दारापाशी किंवा खिडकीपाशी ठेवा. एक कापडी बाजू बाहेरच्या उजेडाकडे करा. थेट ऊन नको, सावलीतला उजेड हवा. मघाशी कापून ठेवलेली झाकणे आठवतात ना? त्यांच्यावर पांढरा कागद चिकटवा. एक झाकण पेटीत दुसऱ्या बाजूला उभे करा, फोटोत येणार नाही असे. दाराकडून आलेला उजेड त्याच्यावर आपटून परत वस्तूवर पडतो. एका दाराची जणू दोन दारे होतात.

फोटो कसा काढायचा?

आधी फोनच्या मागची काच मऊ कापडाने पुसा. तिच्यावर बोटांचे तेल लागलेले असते. त्याने फोटो धुरकट येतो.

फोन हातात धरू नका. विटेवर किंवा डब्यावर टेकवून उभा करा. फोन हलला नाही, की फोटो स्वच्छ येतो. फोनचा स्वतःचा झगमगाट, म्हणजे फ्लॅश, बंद ठेवा. तो लावला तर आपला मऊ उजेड फुकट जातो. बोटांनी चित्र ताणून मोठे करू नका. त्यापेक्षा फोनच पुढे सरकवा.

पडद्यावर वस्तूच्या जागी बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये तिथे सूर्याची लहान खूण दिसते. मागचा कागद राखाडी दिसत असेल, तर ती खूण थोडी वर सरकवा. असे का होते? फोनला वाटते, एवढे सगळे पांढरे आहे म्हणजे उजेड जास्त झाला. म्हणून तो आपणहून चित्र काळपट करतो. आपण त्याला सांगायचे, "बाबा रे, कागद खरोखरच पांढरा आहे."

चकाकणाऱ्या वस्तू

काकीच्या आंब्यावर रोगणाची चकाकी होती. पहिल्या फोटोत आंब्यावर एक पांढरा डाग दिसला.

"हा डाग कसला रे?"

"काकी, तो डाग नाही. आंबा आरसा झालाय. त्यात दिवा दिसतोय."

त्याने तो दिवा थोडा मागे सरकवला. डाग पसरून फिका झाला, नुसती हलकी चमक राहिली. तांब्याचे भांडे, काचेच्या बांगड्या, चांदीचे पैंजण यांचेही असेच असते. भांड्यात फोटो काढणाऱ्याचे तोंडसुद्धा दिसते! अशा वेळी पेटीच्या तोंडावर पांढरा कागद लावा. त्याला लहान भोक पाडा आणि त्यातून फोटो घ्या.

फोटोने खरे बोलावे

नवे फोटो सुरेख आले. आंबा पिवळा, कैरी हिरवी. पुतण्याला हुरूप आला. तो म्हणाला, "काकी, थांब. फोनमध्ये रंग आणखी भडक करता येतात. बघ, कसं दिसतंय!"

काकीने पडद्याकडे पाहिले, मग हातातल्या कैरीकडे पाहिले.

"हा रंग माझ्या कैरीचा नाही," ती म्हणाली. "हा फोटो पाहून तो माल घेईल. टोपली उघडल्यावर काय म्हणेल? पुन्हा आपल्या दारात येईल का?"

पुतण्याने रंग पहिल्यासारखे केले. एका कैरीच्या देठाशी रंगाचा टवका उडाला होता. काकीने ती बाजूला काढली. ती म्हणाली, "ही दुरुस्त करू. नाहीतर टवक्यासकट फोटो पाठवू आणि किंमत कमी लावू."

तराजू खरा असेल तर गिऱ्हाईक टिकते. फोटो हाही एक तराजूच आहे. दूरच्या माणसाला वस्तू हातात घेता येत नाही. तो आपल्या फोटोवर भरवसा ठेवून पैसे देतो. म्हणून फोटो काढला, की वस्तू फोनशेजारी धरा आणि रंग ताडून पाहा. एक फोटो समोरून, एक बाजूने, एक मागून घ्या. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे वस्तू केवढी आहे ते कळते.

काकीने चार फोटो पाठवले. दुकानदाराने दोन टोपल्या नमुन्याला मागवल्या. त्या पोचल्यावर त्याचा निरोप आला : "फोटोत होते तसेच आले. आणखी टोपल्या पाठवा." आता काकीच्या मनावरचे ओझे उतरले.

घर लहान असेल तर

काम झाल्यावर पुतण्याने कार्डशीट अलगद काढून गुंडाळी केली. मागची एक उभी कड टेपने जोडलेली होती, ती सोडवली. खोके चपटे झाले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने ते कपाटामागे उभे करून ठेवले. पावसाळ्यात कागदाला आणि कापडाला ओल लागू देऊ नका. ओल लागली, की डाग पडतात. डाग पडलेला कागद फोटोत लगेच दिसतो.

तुम्ही काय बनवता? कोणी कोल्हापुरी चपला बनवत असेल, कोणी मातीच्या पणत्या, कोणी मण्यांची तोरणे. तुमच्या बचतगटाने मिळून एकच पेटी केली तरी सगळ्यांना पुरेल. आज सवड असेल, तर आजच एक खोके शोधा.

आठवून सांगा

१. ढगाळ दिवशी सावली फिकी का पडते?
२. पेटीवर पांढरेच कापड का लावायचे?
३. कार्डशीटला घडी का घालायची नाही?
४. काकीच्या कैऱ्या पहिल्या फोटोत पिवळ्या का दिसल्या?
५. फोटोत रंग भडक करायला काकीने नकार का दिला? तुम्ही काय केले असते?