दारातली पायरी पाया खणतानाच उतरवा

तळघर बांधले की घराचे दार उंच जाते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे बाहेर पडणे थांबते. खोदाईपूर्वी थोडा विचार केला तर हे टाळता येते.

नव्या घराची वास्तुशांत थाटात होते. आजींना दोन नातू खुर्चीसकट उचलून आठ पायऱ्या वर नेतात, तेव्हा सगळेच हसतात, आजीसुद्धा. वर्षभरानंतर मात्र कुणाला हसू येत नाही. आजींचे संध्याकाळी देवळात जाणे सुटलेले असते. शेजारच्या मैत्रिणी चार दिवस येतात, मग त्यांचेही गुडघे कुरकुरू लागतात. कुणी विचारले तर आजी ''आता नको वाटतं'' एवढेच म्हणतात. नको वाटते ते देऊळ नव्हे, दारातल्या त्या आठ पायऱ्या.

हा त्रास फक्त म्हातारपणाचा नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा, बाबागाडी ढकलणारी आई, सिलिंडर खांद्यावर घेऊन येणारा माणूस, सगळ्यांनाच त्या पायऱ्या चढाव्या लागतात.

उंची येते कुठून?

पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून आपल्याकडे जोते उंच ठेवतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ते किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट हवे. तळघर असेल तर उंची आणखी वाढते. तळघरात झरोक्यांतून उजेड आणि वारा यावा म्हणून त्याचे छत भोवतालच्या जमिनीपासून ०.९ ते १.२ मीटर वर असावे, असे संहिता सांगते. तळघराचे छत म्हणजेच वरच्या घराची जमीन. चार फूट उंची, सहा इंचांची एक पायरी, झाल्या आठ पायऱ्या!

'नंतर उतार बांधू'

बहुतेक घरांत हेच म्हटले जाते. पण हिशेब करून पाहा. व्हीलचेअरसाठीच्या उताराला एक फूट उंचीमागे किमान बारा फूट लांबी लागते. चार फुटांना अठ्ठेचाळीस फूट, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. एवढे अंगण किती घरांना असते? मग जेमतेम पंधरा फुटांत उतार बसवला जातो. अशा उतारावरून खुर्ची वर ढकलताना ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना ती हातातून सुटण्याची भीती असते.

दीड फूट उंचीला मात्र अठरा फुटांचा उतार पुरतो. म्हणून खरा प्रश्न उताराचा नसून उंचीचा आहे आणि उंची ठरते ती पाया खणण्याच्या दिवशी.

पायाच्या वेळचे उपाय

पहिला उपाय म्हणजे तळघर थोडे अधिक खोल घेऊन छत खाली आणणे. यंत्राने हवा खेळवलेल्या तळघराला संहितेतली ०.९ ते १.२ मीटरची अट लागू नाही. खोदाईचा आणि पंख्यांचा खर्च वाढतो हे खरे. स्थानिक नियमही आधी तपासून घ्यावेत.

दुसरा उपाय अंगणाचा. फाटकापासून दारापर्यंतची वाट हळूहळू चढती ठेवायची. वीस फुटांत एक फूट इतका सौम्य चढ असला तर तो उतार वाटतच नाही, बागेतली वाट वाटते. जागा कमी असेल तर वाट घराच्या बाजूने वळवून न्यावी, वळणावर पाच फुटांची सपाट जागा ठेवावी. प्लॉटच उताराचा असेल तर दार उंच बाजूला घ्यावे, निम्मे काम आपोआप होते.

तिसरा उपाय छोट्या पुलाचा. तळघराच्या भिंतीलगत तीन-चार फुटांचा बांधीव चर ठेवायचा आणि चढत्या वाटेवरून दारापर्यंत स्लॅबचा पूल टाकायचा. माती भिंतीला टेकत नाही आणि चरातून तळघराला उजेड-वारा मिळतो. चराला मजबूत कठडा आणि तळाशी पाण्याचा निचरा मात्र हवाच.

जिथे तळघरे सर्रास असतात

अमेरिकेतील अटलांटा शहरात एलेनॉर स्मिथ यांनी १९८७ मध्ये 'काँक्रीट चेंज' ही चळवळ सुरू केली. पोलिओमुळे त्या व्हीलचेअर वापरत. प्रत्येक नव्या घराला निदान एक बिनपायरीचे दार, रुंद आतले दरवाजे आणि तळमजल्यावर एक स्वच्छतागृह असावे, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणजे अपंग माणूस निदान पाहुणा म्हणून तरी कुणाच्याही घरी जाऊ शकेल.

'तळघर असेल तर हे अशक्य' असा आक्षेप तिथेही होता. तिथली लाकडी तुळयांची जमीन पायाच्या भिंतीवर ठेवली की फूटभर उंची वाढते. त्यावर तोड निघाली: भिंतीच्या आतल्या अंगाला खाच ठेवून तुळया त्यात बसवायच्या, जमीन भिंतीच्या माथ्याशी समपातळीत येते. शिकागोजवळच्या बोलिंगब्रुक गावाने २००३ मध्ये नव्या घरांना बिनपायरीचे दार सक्तीचे केले. तिथे कडाक्याची थंडी पडते आणि तळघरेही असतात.

पाण्याचे काय?

गृहिणींची पहिली शंका हीच असते आणि ती रास्त आहे. दारापुढची जागा घराकडून बाहेर, फुटाला पाव इंच उतरती ठेवा. दाराच्या पूर्ण रुंदीचा जाळीचा चर करून तो पावसाळी गटाराला जोडा. वर रुंद छज्जा घ्या. उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको. वाटेची माती भिंतीला लागणार असेल तर आधी भिंतीचे वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही येतील.

मात्र गल्लीत दरवर्षी पाणी तुंबत असेल किंवा डांबराच्या थरांनी रस्ता उंच होत असेल, तर जोते खाली आणू नका. तिथे वाटच चढती करा.

नकाशावर सही करण्यापूर्वी आर्किटेक्टला एकच प्रश्न विचारा: ''फाटकापासून देवघरापर्यंत आजी कुणाचा हात न धरता येऊ शकतील का?'' उत्तर 'नाही' असेल तर कागदावरची रेघ खोडायला रबर पुरतो. काँक्रीट ओतल्यावर तीच रेघ खोडायला पहार लागते. आणि आजच्या सुनेला उद्या आजी व्हायचेच आहे.