लेवी बॉडी स्मृतिभ्रंश आणि निदानाची कसोटी

ज्या रोगाचें नांव कळलें, त्याच्याशीं निदान झुंजतां तरी येतें. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, रोगी हयात असेपर्यंत त्यांचें नांव पुऱ्या खात्रीनें सांगतांच येत नाहीं. वार्धक्यांतील स्मृतिभ्रंशाचा लेवी बॉडी डिमेन्शिया नांवाचा प्रकार यांपैकींच होय.

प्रसिद्ध अमेरिकन नट रॉबिन विल्यम्स यांस कंपवात झाला आहे, असें मे २०१४ मध्यें डॉक्टरांनीं सांगितलें. त्याच वर्षीं ११ ऑगस्ट रोजीं त्यांनीं आपल्या जीवनाचा अंत केला. शवपरीक्षेंत लेवी बॉडीचा विकार मेंदूभर पसरलेला आढळला. त्यांच्या पत्नीनें २०१६ सालीं ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकांत ही हकीकत स्वतः लिहिली आहे. उत्तम वैद्य हाताशीं असतां जें उमगलें नाहीं, तें सामान्य गृहस्थाच्या घरीं कसें उमगावें, असें वाचकांस सहजच वाटेल. त्याचाच येथें विचार करूं.

लेवी बॉडी म्हणजे मेंदूच्या पेशींत सांठणारे अतिसूक्ष्म गोळे. फ्रिट्झ लेवी या जर्मन वैद्यानें १९१२ सालीं ते प्रथम वर्णिले. जपानांतील केंजी कोसाका यांनीं १९७६ पासून स्मृतिभ्रंशाशीं त्यांचा संबंध उघड केला. आणि आल्फा-सायन्यूक्लीन हें प्रथिन त्यांचा मुख्य घटक आहे, असें १९९७ सालीं कळलें. हे गोळे पाहावयाचे तर मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा लागतो. अर्थात् प्रत्यक्ष प्रमाण मरणोत्तर. जिवंतपणीं आधार अनुमानाचा. धूर दिसला म्हणून पर्वतावर अग्नि आहे असें ठरवावें, तशांतला हा प्रकार.

२०१७ सालच्या सुधारलेल्या नियमांत असे चार ‘धूर’ मुख्य मानले आहेत. बुद्धि कधीं लख्ख तर कधीं मंद होणें. समोर नसलेलीं माणसें, मुलें वा प्राणी वारंवार स्पष्ट दिसणें. कंपवातासारखा ताठरपणा, मंदपणा वा कंप. आणि झोपेंत स्वप्नाबरहुकूम ओरडणें, हातपाय झाडणें. स्मृतिभ्रंशाबरोबर यांतील दोन आढळल्यास ‘बहुधा हाच रोग’ असें म्हणतात. एकच आढळल्यास मेंदूंतील डोपामिन-यंत्रणेचें चित्रण, हृदयाच्या मज्जातंतूंचें चित्रण किंवा निद्रापरीक्षा यांपैकीं एकीची साक्ष लागते.

संस्कृताच्या तासाला आम्ही मुलांस लक्षणाचे दोन दोष सांगत असूं. शिंगें हें गाईचें लक्षण म्हटलें, तर म्हैसही त्यांत येते, ही अतिव्याप्ति. तांबूस रंग हें लक्षण म्हटलें, तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. लेवी बॉडीचें निदान या दोहोंमध्यें सांपडलें आहे. नियम कडक लावले तर भलत्यालाच हा रोग चिकटविण्याचा संभव थोडा, पण खरे रोगी निसटण्याचा मोठा. कारण अनेकांच्या मेंदूंत अल्झायमरचा विकारही शेजारीं नांदतो आणि तो या खुणा झांकून टाकतो. पूर्वींच्या अभ्यासांचा जो एकत्र आढावा २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें पांचांतील सुमारें एक निदान चुकतें.

यंत्रेंही सर्वज्ञ नव्हेत. डोपामिन-चित्रणाचा २००७ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. ज्यांस बहुधा हाच रोग होता, त्यांतील सुमारें ७८ टक्क्यांचें चित्र बिघडलेलें निघालें. म्हणजे उरलेल्यांच्या बाबतींत यंत्र फसलें. २०२४ सालीं त्वचेच्या तुकड्यांतील सायन्यूक्लीन पाहण्याची परीक्षा पुढें आली, आणि या रोगाच्या ५० जणांपैकीं ४८ जणांत तें सांपडलें. फळ उत्साहवर्धक खरें. परंतु ते पन्नास जण वैद्यांच्या मतानेंच रोगी ठरलेले होते, मेंदू पाहून नव्हे. शिवाय तें प्रथिन कंपवातांतही सांपडतें.

हा वाद नुसता नांवाचा असता तर आम्ही त्यांत वाचकांचा वेळ दवडला नसता. ज्याचीं लक्षणें गूढ आहेत त्या व्याधीची परीक्षा उपशयानें, म्हणजे औषधादिकांनीं उतार पडतो कीं नाहीं हें पाहून करावी, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. येथें ती परीक्षाच जिवावर बेतूं शकते. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखें औषध दिलें, तर या रोग्यांपैकीं कित्येकांचें शरीर एकाएकीं ताठरतें, शुद्ध हरपते, प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. अशा औषधांनीं सुमारें निम्म्या रोग्यांस घोर अपाय झाल्याचें इंग्लंडांतील मॅकीथ प्रभृतींनीं १९९२ सालींच दाखविलें होतें. उलटपक्षीं रिव्हास्टिग्मिन व डोनेपेझिल यांनीं अनेकांस कांहीं काळ बरें वाटतें.

म्हणून घरच्या मंडळींची साक्ष येथें फार मोलाची आहे. डॉक्टरांपुढें रोगी घटकाभर बसतो, आणि त्या घटकेला त्याची बुद्धि नेमकी लख्ख असूं शकते. झोपेंतील झटापट हें तर या रोगाचें पूर्वरूप. तें कित्येक वर्षें आधीं दिसतें, आणि शेजारीं निजणाऱ्यासच ठाऊक असतें. वडील माणसांचे भास हा वेडाचा वा भुताखेतांचा प्रकार समजून लपवूं नये. काय दिसलें, केव्हां दिसलें, कोणत्या औषधानंतर काय घडलें, हें तारीखवार टिपून ठेवावें व डॉक्टरांस वाचून दाखवावें. चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये. परंतु भासांवर नवें औषध सुरू होण्यापूर्वीं ‘हा लेवी बॉडीचा विकार असूं शकेल काय?’ एवढें अवश्य विचारावें. उत्तर ‘बहुधा’ असें आलें तरी तेवढ्यावरून अपायकारक औषध टाळतां येतें.