सोळा किलो, दहा मिनिटं

बडोद्यात वाढलो, पण जुम्मादादा व्यायाम मंदिरात कधी पाऊल टाकलं नाही. पस्तिशीत लेकीला उचलताना कंबर धरली. बरं वाटल्यावर डॉक्टरांना विचारून सोळा किलोची केटलबेल आणली. रशियात हिला गिर्या म्हणतात. स्पर्धेत दहा मिनिटं खाली न ठेवता ती उचलायची असते. माझं सोपं : दर मिनिटाला दहा स्विंग, उरलेल्या सेकंदांत दम खायचा. दहा मिनिटांत शंभर. जोर हातांचा नव्हे, मांड्या-नितंबांचा. हे न कळल्याने पाठ पुन्हा कुरकुरली, आठ किलोवर उतरलो. लाज वाटलीच! आता पुन्हा सोळावर आहे. आई म्हणते, "एवढ्याशानं काय होणार रे?" परवा लेक मांडवीपर्यंत माझ्या खांद्यावर बसून आली. उतरायला तयारच नव्हती.