गावाचा नकार आणि शहराचा कचरा

शहराच्या कचऱ्यासाठी नवी जागा सुचविली गेली की पुढचा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. महापालिकेची नजर हद्दीबाहेरच्या एखाद्या गावाच्या गायरानावर किंवा दगड संपलेल्या खाणीवर पडते. प्रकल्पाला भारदस्त नाव दिले जाते. कधी तो ‘शास्त्रीय भूभराव’ असतो, तर कधी ‘कचऱ्यातून संपत्ती’. ग्रामसभा विरोधाचा ठराव करते, गावकरी रस्त्यावर ठाण मांडतात आणि गाड्या अडविल्या जातात. चार दिवसांत शहराच्या चौकाचौकांत ढीग साचतात. मग शहरातील सुशिक्षित माणूस वैतागून म्हणतो, ‘या गावकऱ्यांना विकास नको आहे, त्यांच्या मागे कोणी तरी पुढारी आहे.’ हा आरोप कितपत खरा आहे, हे शांतपणे तपासण्याची वेळ आता आली आहे.

पुढारी असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. जेथे लोकांचा राग असतो, तेथे पुढारी पोहोचतोच. पण राग पुढाऱ्याने निर्माण केला, की आधी राग होता आणि पुढारी नंतर आला, एवढाच प्रश्न आहे.

एका शहराचा अनुभव

पुण्याचे उदाहरण घ्यावे. एके काळी या शहराचा कचरा कोथरूडच्या माळावर पडत असे. तेव्हा कोथरूड हे शहराच्या कडेचे गाव होते. पुढे तेथे सोसायट्या उभ्या राहिल्या. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, सरकारी नोकर तेथे राहावयास आले. त्यांनी दुर्गंधीविरुद्ध आवाज उठविला आणि या शतकाच्या आरंभी तो डेपो बंद झाला. आज त्या जागेवर मेट्रोचे आगार आहे. कोथरूडकरांची मागणी रास्तच होती. तिला कोणी विकासविरोधी म्हटल्याचे स्मरत नाही.

कचरा मात्र नाहीसा झाला नाही. त्याने फक्त गाव बदलले. सासवडच्या वाटेवर, ज्ञानोबांची पालखी ज्या मार्गाने दिवे घाटाकडे जाते त्या मार्गाच्या परिसरात, उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे आहेत. तेथील खाणींच्या जागेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतच कचरा पडू लागला होता. पुढे हा डेपो वाढत १६३ एकरांपर्यंत गेला. विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी नासले. ज्यांच्या शिवारात स्वतःच्या विहिरी होत्या, त्यांना महापालिकेच्या टँकरची वाट पाहणे नशिबी आले. डेपोला वारंवार आगी लागल्या आणि धुराने माणसे बेजार झाली.

प्रक्रिया प्रकल्पाचे आश्वासन मिळाले. प्रकल्प उभाही राहिला. पण रोज येणाऱ्या कचऱ्याला तो पुरा पडला नाही, आणि प्रक्रियेविना राहिलेल्या मालाचे डोंगर वाढत गेले. २०१४-१५ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या रोखल्या, तेव्हा शासनाने मध्यस्थी करून मुदत मागून घेतली. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली आणि गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे कचरा येऊ दिला नाही. पुन्हा मध्यस्थी झाली, पुन्हा आश्वासन मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही गावे महापालिकेत घेण्यात आली, आणि २०२४ मध्ये त्यांना वगळून स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. हद्दीची रेषा आत आली आणि बाहेरही गेली. ढीग आपल्या जागीच होता. हे सारे ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे, त्या पंचक्रोशीतील कोणत्याही गावाने नव्या प्रकल्पाचे स्वागत कोणत्या विश्वासावर करावे?

नियम कमी पडले काय?

कायद्याची उणीव आहे, असे म्हणता येत नाही. अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीच्या ओघात २००० साली घनकचऱ्याचे नियम झाले. त्यांची जागा २०१६ च्या अधिक तपशीलवार नियमांनी घेतली. घराघरांत ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवणे त्यांनी बंधनकारक केले. भूभरावाची जागा नदीपासून १०० मीटर, तर तळे, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर दूर असावी, असे सांगितले. ज्यावर कोणतीही प्रक्रिया होऊ शकत नाही, असाच अवशेष भूभरावात जावा, हे त्यांतील मुख्य तत्त्व होते. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने जनसुनावणीची रीतही घालून दिली. निदान ३० दिवसांची सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, आणि सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट, अशी ती रीत आहे.

कागदावर हे सर्व चोख आहे. व्यवहारात जनसुनावणीचा विधी उरकला जातो. अहवाल जाडजूड, सारांश क्लिष्ट, आणि जागेचा निर्णय बहुधा आधीच झालेला. गावकरी हरकती नोंदवितात, त्या इतिवृत्तात जातात आणि तेथेच राहतात. ज्याचे म्हणणे ऐकले जाते पण मोजले जात नाही, त्याला अखेर रस्त्यावर बसण्यावाचून मार्ग उरत नाही. गाडी अडविणे हा त्याचा पहिला नव्हे, शेवटचा उपाय असतो.

ओल्या कचऱ्याचे गणित

गावकऱ्यांच्या भीतीला शास्त्राचा आधार नाही, असे समजणाऱ्यांनी कचऱ्याचा स्वभाव जाणून घ्यावा. आपल्या शहरांतील कचऱ्याचा साधारण निम्मा भाग भाजीपाला, उष्टे-खरकटे, पालापाचोळा असा ओला असतो. तो प्लास्टिक, काच, औषधे, बॅटऱ्या यांच्यासह एकत्र दाबला गेला की आत हवा पोहोचत नाही आणि मिथेन वायू तयार होतो. डेपोंना लागणाऱ्या आगींचे हे एक प्रमुख कारण आहे. वरून पाणी मारले तरी आग पोटात धुमसत राहते. पावसाचे पाणी त्या ढिगातून झिरपताना धातू आणि रसायने बरोबर घेऊन काळपट रस होऊन उतरते. तळाशी मातीचे आणि प्लास्टिकचे भक्कम अस्तर नसेल, तर ते थेट भूजलात जाते. विहीर एकदा नासली की ती पूर्ववत होण्यास किती वर्षे लागतील, हे सांगता येत नाही.

हाच मिश्र कचरा यंत्रांनाही मारक ठरतो. जाळून वीज करावी तर तो भिजलेला असतो. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ साली परदेशी तंत्राने उभारलेला असा प्रकल्प अवघे २१ दिवस चालल्याची नोंद आहे. खत करावे तर त्यात काचेचे आणि प्लास्टिकचे तुकडे येतात, आणि शेतकरी ते हातात धरावयास तयार होत नाही. म्हणजे प्रकल्पाचे यशापयश गावाच्या वेशीवर ठरत नाही, ते शहरातील स्वयंपाकघरात ठरते. एका बादलीत सर्व काही टाकणाऱ्याने कोट्यवधींचे यंत्रही निकामी करावे, असा हा प्रकार आहे.

‘आमच्या दारात नको’

कोणी म्हणेल, प्रत्येक गावाने नाही म्हटले तर कचरा जावा कोठे? हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. २०१८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याचा प्रत्यय आला. नारेगावच्या लोकांनी अनेक वर्षे सोसल्यानंतर फेब्रुवारीत डेपो बंद पाडला. महापालिकेने गाड्या दुसरीकडे वळविल्या. मार्चमध्ये मिटमिटा येथे दगडफेक आणि लाठीमार झाला, आणि शहर कित्येक आठवडे कचऱ्यात राहिले. नुसत्या नकाराने कचरा एका गावाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो आणि शेवटी ज्याचा आवाज सर्वांत क्षीण, त्याच्या दारात पडतो. विरोध करणाऱ्यांनीही हे ध्यानात घेतले पाहिजे.

पण नकारातून शहाणपण निघाल्याचेही उदाहरण आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमचा कचरा विळप्पिल्शाला या गावी जात असे. २०११ च्या डिसेंबरमध्ये ग्रामपंचायतीने प्रकल्पाला कुलूप ठोकले. २०१२ मध्ये पोलीस बंदोबस्तात तो पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, हाणून पाडले. नाइलाज झाला तेव्हा शहराने घरोघरी आणि वस्तीवस्तीत खत करण्याची वाट धरली. अडचणी तेथेही आल्या. परंतु आपला कचरा आपल्या हद्दीत जिरविण्याचा विचार त्या शहरात रुजला, तो एका गावाने दार बंद केल्यामुळे.

पुण्यालाही ही वाट अनोळखी नाही. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. घरोघरी कचरा गोळा करून सुका माल वेगळा काढणाऱ्या या स्त्रिया जे वाचवितात, ते डेपोपर्यंत पोहोचतच नाही. संपत्ती पुन्हा मिळविण्याचे काम आपल्याकडे आधी त्यांच्या हातांनी केले आहे, यंत्र नंतर आले.

विनंती नव्हे, करार

तेव्हा यापुढे गावाकडे जाताना महापालिकेने आश्वासन नेऊ नये, करार न्यावा. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, वेगळा न केलेला कचरा आला तर गाडी वेशीवरूनच परत पाठविण्याचा अधिकार गावच्या समितीला असावा. दुसरी, रोज किती टन येईल आणि कोणत्या वर्षी जागा बंद होईल, हे आकड्यांत लिहिलेले असावे, आणि ते मोडल्यास दंड ठरलेला असावा. तिसरी, विहिरींच्या पाण्याची तपासणी प्रकल्पापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने होऊन तिचा निकाल मराठीत चावडीवर लागावा. चौथी, शहरातील प्रत्येक प्रभागाने आपला ओला कचरा आपल्याच हद्दीत जिरवावा. एक प्रभाग जे वास सहन करू शकत नाही, ते एका गावाने साऱ्या शहरासाठी सहन करावे, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार कोणास आहे?

हे मान्य झाल्यानंतरही एखादे गाव अडून बसले, तर त्यास आडमुठे म्हणता येईल. तोपर्यंत तो शब्द वापरण्याचा हक्क आपल्याला नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने घनकचऱ्याची व्यवस्था नगरपालिकांच्या कामांत घातली आहे, शेजारच्या ग्रामपंचायतीच्या नव्हे. आणि महापालिका म्हणजे कोणी परकी सत्ता नाही. ती आपण निवडतो, तिला कर आपण देतो आणि तिच्या गाडीत रोज सकाळी बादली आपणच रिकामी करतो. त्या बादल्या दोन असाव्यात, एवढे साधे काम ज्या शहराला इतक्या वर्षांत साधले नाही, त्याने खेड्याला त्यागाचे धडे देऊ नयेत.