जुलाबात पाणी तोडू नका

पोराला जुलाब लागले की आपल्याकडे आधी त्याचे पाणी तोडतात. "आधीच सगळं पाणी होऊन जातंय, आणखी कशाला पाजता?" असे म्हातारी माणसे म्हणतात. आमच्या घरीही हेच झाले. धाकटी बहीण दोन वर्षांची होती. पाणी मागत होती. आजीने ओल्या फडक्याने तिचे ओठ तेवढे पुसले. दुसऱ्या दिवशी ती गेली. आजीची माया कमी नव्हती. तिला ठाऊक नव्हते, एवढेच.

जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. म्हणून पोर नीट पाहा. डोळे खोल जातात. तोंड सुकते. रडताना टिपे येत नाहीत. तान्ह्याची टाळू खोल जाते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते. शौचात रक्त दिसले, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे झाले, पोर सुस्त पडले किंवा पिईना, तर लगेच दवाखाना गाठा.

एरवी घरीच पाणी करा. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त घालू नका, अपाय होतो. घोट घोट पाजा. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजा. अंगावरचे दूध चालू ठेवा. आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते, ती याहून चांगली.

साखर कशाला? आतडे साखर ओढून घेते, तिच्याबरोबर मीठ आत जाते आणि मिठामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बंगालात बनगावला आले. तिथे कॉलरा झाला, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजून पुष्कळ रोगी वाचवले.

आपल्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या साध्या बायांना शिकवले. कित्येकींना अक्षर येत नव्हते. त्या बायांनी हे पाणी घरोघर नेले. आम्ही मॅट्रिक झालो, पण हे आम्हांला शाळेत कोणी शिकवले नव्हते.

रोगाचे जंतू तोंडावाटे पोटात जातात. शौचाहून आल्यावर, पोराचे धुतल्यावर आणि भाकरी थापण्याआधी साबणाने हात धुवा. माठावर झाकण ठेवा, पाणी ओगराळ्याने काढा. आमच्या शाळेत पोरे पेला हातासकट माठात बुडवीत. आम्ही ओगराळे आणले, ते आठवड्यात चोरीला गेले! मग दुसरे दोरीने बांधले. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की वासाची कुरकुर होते. वास येऊ द्या, पाणी तेच प्या. आणि ऊसतोडीला जाल तेव्हा पाटाचे पाणी तसेच पिऊ नका, चुलीवर खळखळ उकळून घ्या. लेकरू बरोबर असेल तर ओआरएसच्या दोन पुड्या गाठोड्यात बांधून न्या.